जॅझ डोक्यावरून जातं? ऐकताना या चुका टाळा

पहिल्या शनिवारी सात जण आले होते. अर्ध्या तासानं तिघं उरले, आणि त्यातले गुरुजी भिंतीला टेकून झोपलेले.

माझं दारव्हा तालुक्यात बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, भांडी, लाऊडस्पीकर. लग्नसराई आटोपली की स्पीकर गोदामात पडून राहतात, आणि सामुदायिक प्रार्थना झाली की भजन मंडळातले चार गडी तिथंच येऊन टेकतात. मंडळात पेटी माझ्याकडे असते. जॅझचा नाद लावला तो आमच्या क्लॅरिनेटवाल्या काकांनी. वरातीच्या बँडात तीस वर्षं काढलेला हा माणूस पेनड्राइव्हमध्ये शे-दीडशे परदेशी रेकॉर्डी घेऊन फिरतो, आणि कोणी विचारलं तर ‘भजनं हायेत’ म्हणून सांगतो. मला चटक लागली. मग वाटलं, आपल्याला गोड लागलं ते चार जणांच्या पानात वाढावं.

वाढताना मी जे जे केलं ते सगळं चुकलं. आधी पंधरा मिनिटं भाषण ठोकलं: जॅझ म्हणजे अमेरिकेतलं फार उच्च संगीत, समजायला अवघड, नीट लक्ष देऊन ऐका. मग पंधरा इंची दोन बॉक्स लावून जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवाल्याची १९६५ सालची ‘असेन्शन’ सुरू केली. अकरा वादक, जवळपास चाळीस मिनिटं, आणि त्यात कितीदा तरी सगळे एकदम. चुलतभावाचा सालदार दहाव्या मिनिटाला उठला. जाताना म्हणाला, ‘भाऊ, एकाच चौकात तीन वराती अडकल्यावानी वाटून रायलं.’

त्यानंतर दीड वर्ष शनिवार चालू आहेत. कोण कुठं अडखळतं हे जवळून पाहिलं. ‘समजत नाही’ म्हणणाऱ्यांचा कान क्वचितच कमी पडतो. बहुतेकांचं बिनसतं ते रेकॉर्ड सुरू व्हायच्या आधी: काय मनात धरून बसलो, कशावर ऐकतोय, कशाची वाट पाहतोय. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

परीक्षेला बसल्यासारखं बसणं

‘उच्च’ हा शब्द कानावर पडला की आमच्याकडचा माणूस एक तर हात जोडतो नाही तर चप्पल शोधतो. दोन्हीत ऐकणं राहून जातं.

जॅझ काही मानाच्या गादीवर जन्मलेलं नाही. न्यू ऑर्लिन्स हे बंदराचं शहर. विसावं शतक उजाडताना तिथल्या काळ्या आणि मिश्रवंशीय वस्त्यांत मिरवणुकीचे बँड, नाचाचे अड्डे, चर्चमधली गाणी आणि मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातून आलेला ब्लूज हा काळ्या लोकांचा गाण्याचा प्रकार, हे सगळं एकमेकांत कालवलं गेलं. मयतीला बँड लावायची तिथं रीत. जाताना संथ वाजवायचं, माती देऊन परतताना नाचत यायचं. हे सांगितल्यावर बँडवाले काका म्हणाले, ‘मंग थे आपलेच लोक झाले.’

कापसाचं तर जुनं नातं निघतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजांच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाकडे वळल्या. त्या युद्धानं तिकडची गुलामी कायद्यानं संपली, पण कापूस वेचणारे हात बरेचसे तेच राहिले. त्यांच्याच मुलानातवंडांनी ब्लूज गायला. आमच्याकडं पऱ्हाटीत वेचणीला गेलेल्या बाया गातात, एकीनं ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी झेलायची, तशीच उचल-झेल तिकडच्या शेतातल्या गाण्यांत होती आणि पुढं जॅझमध्येही उतरली.

आता हेच सांगून मी दुसरा घोटाळा केला. पुढच्या शनिवारी गुरुजी ‘गुलामांचं दुःख’ ऐकायच्या तयारीनं आले. लुई आर्मस्ट्राँगची १९२८ सालची ‘वेस्ट एंड ब्लूज’ लावली. सुरुवातीला ट्रंपेट एकटाच, कोणाच्याही साथीशिवाय, पंधरा सेकंदांच्या आत जिना चढावा तसा वर जातो, माथ्यावर क्षणभर थांबतो आणि घरंगळत खाली येतो. गुरुजी मयतीला बसल्यासारखे मान खाली घालून बसलेले. काकांना राहवेना. ‘गुरुजी, थो मजा करून रायला. तुमी काऊन रडून रायले?’ कीव करत ऐकणं हेही हात जोडण्यासारखंच. समोरचा माणूस त्यात दिसेनासा होतो.

हे परकं आहे ही समजूतही अर्धीच खरी. लिऑन अ‍ॅबी या काळ्या अमेरिकन बँडमास्तरचा ताफा १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. पुढं टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला आला. गोव्याच्या वादकांनी ही विद्या हॉटेलांत उचलली आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत नेली. चिक चॉकलेट नावानं गाजलेला ट्रंपेटवाला, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, याला लोक भारताचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. त्यानं पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम केलं. १९५० च्या आसपासची ती उडती गाणी काकांनी वरातीत इतक्यांदा वाजवली की बोटं झोपेतही चालतील. जॅझ आमच्या गल्लीतून नाचत गेलेलं आहे, आम्ही फक्त नाव विचारलं नाही.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणं

ही माझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणून जरा ठासून सांगतो. जॅझमध्ये ठेका कोण धरतो? आपण सवयीनं ड्रमवाल्याकडे बघतो. पण सगळ्यांना पाठीवर घेऊन चालतो तो डबल बास. माणसापेक्षा उंच, उभा धरायचा, बोटांनी छेडायचा. त्याची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्‌झच्या आसपास बोलते. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. इतक्या खालचा सूर त्याच्यातून निघतच नाही. म्हणजे दिंडीतून पखवाज काढून घ्यायचा आणि मग म्हणायचं, वारकरी अधांतरी नाचतात. सालदार आधी ट्रॅक्टरवर, खिशात फोन टाकून ऐकायचा. त्याला वरचा सॅक्सोफोन तेवढा ऐकू यायचा, आणि तो म्हणायचा की हा बाजा कोणाशीच बोलत नाही. बरोबरच होतं. ज्याच्याशी बोलत होता तो खिशात पोचलाच नव्हता.

उलट टोक माझ्या गोदामात. वरातीसाठी डीजेच्या बॉक्सवर खालचा सूर इतका फुगवलेला असतो की डबल बासची पावलं वेगवेगळी न राहता एकच गूं-गूं होते. हळदीच्या गाण्याला ते खपतं. इथं मात्र बासवाला पावलागणिक नवा सूर टाकत असतो, आणि तीच खरी गंमत असते.

उपाय दोनशे-तीनशे रुपयांचा. तारेचा इअरफोन घ्या, दोन्ही कानांत घाला, फोनमधला ‘बास बूस्ट’ बंद करा. पहिल्या वेळी फक्त बासच्या मागं मागं चाला, बाकी सगळं कानाआड करा. रात्री ओलिताला गेलात, किंवा हरभऱ्याच्या जागलीवर असलात, तर यापेक्षा चांगली वेळ नाही. अगदी जुन्या रेकॉर्डींत बास जवळपास नसतोच, तो दोष तुमच्या इअरफोनचा नाही. १९२५ च्या आधी भोंग्यासमोर वाजवून रेकॉर्ड व्हायची आणि त्या भोंग्याला खालचे सूर पकडताच येत नव्हते. त्या खरखरीत रेकॉर्डींनी सुरुवात करू नका, इतकंच.

चाल हरवली म्हणून उठून जाणं

सगळ्यात जास्त माणसं इथं गळतात. आपल्या कानाला चाल पाहिजे. धृपद, अंतरा, परत धृपद. जॅझमध्ये सुरुवातीला चाल वाजते, दोन मिनिटांत संपते, आणि मग एक जण ती सोडून भलतीकडेच निघतो. पाच मिनिटं झाली तरी परत येत नाही. ऐकणारा म्हणतो, हा भरकटला.

तो भरकटलेला नसतो. चाल वरून उचलली तरी खालचं चक्र फिरतच असतं. आपल्या तालाच्या आवर्तनासारखंच, पण लांबलचक, आणि प्रत्येक वादक त्याच चक्रावर स्वार होऊन आपापलं बोलून घेतो. हे तोंडी कितीही सांगितलं तरी कोणाला पटेना. मग एका शनिवारी सतरंजीवर तुरीचे आठ दाणे मांडले.

रेकॉर्ड होती माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९ सालची. त्यातला पहिला तुकडा ‘सो व्हॉट’, नऊ मिनिटांचा, २ मार्चला न्यूयॉर्कात ध्वनिमुद्रित झालेला. सुरुवातीचं अर्धं मिनिट पियानो आणि बास कुजबुजल्यासारखे वाजतात, ते सोडून द्या. मग बास एक प्रश्न टाकतो आणि बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात. परत प्रश्न, परत तेच दोन ठोके. सालदार म्हणाला, ‘हे तं झडत्या हायेत!’ पोळ्याच्या तोरणाखाली एकानं झडती टाकायची, सरपंचापासून सावकारापर्यंत ज्याला हाणायचं त्याला हाणायचं, आणि सगळ्यांनी ‘हर हर महादेव’ करायचं. इथं महादेवाच्या जागी दोन सूर.

आता दाणे. तबलजीनं हातावर त्रितालाच्या सोळा मात्रा मोजायला घेतल्या. एक आवर्तन झालं की एक दाणा पुढं. पहिले चार दाणे गेले, सगळं एकाच जमिनीवर. पाचवा दाणा उचलला आणि खालची अख्खी जमीन अर्धा सूर वर सरकली. प्रश्न तोच, उत्तर तेच, पण कोणी मंडपाचा एक खांब उचलून धरल्यासारखं. सहावा दाणाही तिथंच. सातव्याला परत खाली, आठव्याला चक्र पूर्ण. एकशे अठ्ठावीस मात्रा, मिनिटभराचा फेरा. मग माइल्सचा ट्रंपेट निघाला, चाल गायब, आणि आम्ही दाणे सरकवत राहिलो. पाचव्या दाण्याला जमीन बरोबर सरकली. गुरुजी ताठ बसले. माइल्सचे दोन फेरे, कोल्ट्रेनचे दोन, कॅननबॉल अ‍ॅडरलीचे दोन, मग पियानोवर बिल इव्हान्स, आणि शेवटी पहिली चाल परत. तोवर तबलजीनं मोजणं सोडलं होतं आणि सगळे पाचव्या दाण्याच्या आधीच मान उचलायला लागले होते.

घरी करून पहा. दाणे तुरीचेच पाहिजेत असं नाही.

ज्यांनी झाडीपट्टीकडची खडी गंमत रात्रभर बसून पाहिली आहे त्यांना तर हे शिकवायचीही गरज नाही. शाहीर विषय ठरवून उभा राहतो, सोंगाड्या मध्येच काहीतरी सोडतो, शाहीर ते उचलतो, डफ-ढोलकीवाला दोघांवर नजर ठेवून असतो. आज कुठल्या गावात काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं, पण कुठं परत यायचं ते सगळ्यांना माहीत असतं. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसानं जॅझमध्ये ड्रमवाला आणि बाकीचे सोळा-सोळा मात्रा आळीपाळीनं वाजवतात तो भाग आधी ऐकावा. त्यालाही सवाल-जवाबच म्हणावं लागेल.

टाळी चुकीच्या जागी देणं

लहान चूक, पण चव बिघडवते. भजनात आपली टाळी आणि टाळ पहिल्या मात्रेवर जोर देतात, मग तिसरीवर. जॅझचा ड्रमवाला पायानं दोन झांजांची जोडी मिटतो ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. तुम्ही एकवर टाळी दिली की सगळं लंगडतंय असं वाटतं आणि दोष बँडला जातो. दोन आणि चारवर चुटकी द्या. पहिल्यांदा हात ऐकत नाही. मला स्वतःला महिना लागला, आणि त्या महिन्यात प्रार्थनेच्या भजनातही माझी टाळी उलटी पडायला लागली म्हणून बोलणी खाल्ली.

ठेक्याच्या बाबतीत आमचा तबलजी सगळ्यांच्या पुढं निघाला. डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीचं ‘टेक फाइव्ह’ लावलं, तेही १९५९ सालचंच, पॉल डेसमंडनं रचलेलं. मी काही सांगायच्या आत तो म्हणाला, ‘पाच मात्रा. पण झपताल उलटा घातला हाये.’ झपतालात दोन-तीन, दोन-तीन असं चालतं, इथं तीन-दोन. माझ्या भाषणांपेक्षा हे एक वाक्य बरं होतं.

सा शोधत बसणं

आता ही चूक जाणकारांची. गुरुजींनी यवतमाळला उमेदवारीच्या काळात थोडं शास्त्रीय गाणं शिकलेलं. प्रत्येक तुकड्याला त्यांचा प्रश्न ठरलेला: हा कोणता राग? सा कुठं आहे? सा सापडला नाही की चेहरा आंबट.

ओढ दोन्हीकडून आहे हे खरं. कोल्ट्रेन आपल्या रागसंगीताच्या इतका नादी लागला होता की १९६५ साली झालेल्या मुलाचं नाव त्यानं पंडित रविशंकरांवरून रवी ठेवलं. पण म्हणून जॅझ म्हणजे ट्रंपेटवर वाजवलेला राग नव्हे. आपल्याकडं तंबोरा सा धरून बसतो, घरातल्या म्हाताऱ्यासारखा, जागचा हलत नाही, आणि बाकीचे सूर त्याच्याकडे पाहून आपली किंमत ठरवतात. जॅझमध्ये खालचा म्हाताराच दर दोन पावलांनी जागा बदलतो. त्यामुळं वरचा सूर तोच राहिला तरी त्याचा अर्थ बदलत जातो.

पेटी असेल तर एक मिनिटात कळेल. पांढरी एकचा सा धरा. उजव्या हातानं ग दाबून ठेवा, सोडू नका. डाव्यानं त्याच्याखाली सा आणि प दाबा. ग कसा निवांत, घरी आल्यासारखा वाटतो. आता भाता थांबवू नका, ग तसाच धरा, आणि सा-पच्या ऐवजी खालचा ध आणि सा दाबा. तोच ग एकदम उदास. आता खालचा म आणि ध. तोच ग हवेत लटकतो, दिवेलागणीला ओट्यावर बसून कोणाची तरी वाट पाहावी तसा. बोट एकदाही उचललेलं नाही. जॅझवाला रात्रभर हाच खेळ करतो.

हे गुरुजींना पेटीवर दाखवलं त्या दिवसापासून ते ‘राग कोणता’ विचारत नाहीत. आता विचारतात, ‘म्हातारा कुठं गेला?’

एकदा ऐकून निकाल लावणं

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली एक साधी गोष्ट दाखवली. अर्थहीन शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं, अनोळखी चेहऱ्यांचे फोटो लोकांना कमी-जास्त वेळा दाखवले, आणि जे जास्त वेळा समोर आलं ते लोकांना जास्त बरं वाटलं. कोणी काही समजावलं नव्हतं, नुसती ओळख वाढली होती. सिनेमाचं गाणं आपल्याला आवडतं त्यातला निम्मा भाग पानठेल्यावर ते पन्नास वेळा कानावर पडलेलं असतं, हा असतो. जॅझला आपण एक संधी देतो, तीही मध्येच फोन उचलत.

मी तीन वेळांचा नियम केला आहे. एकदा बाससाठी, एकदा दाणे मोजत, एकदा नुसतं पडून. तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी. मात्र ज्याच्यानं कपाळ उठतं ते जबरदस्तीनं पुन्हा पुन्हा लावू नका. माझ्या अनुभवानं चीड पाठ होते, गाणं होत नाही. बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी पहा.

आणि न आवडल्याची लाज धरू नका. ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवाल्यानं डिसेंबर १९६० मध्ये दोन चौकड्या एकदम वाजवून सदतीस मिनिटांची ‘फ्री जॅझ’ रेकॉर्ड केली. ‘डाउनबीट’ हे जॅझचं नावाजलेलं मासिक. त्यानं जानेवारी १९६२ मध्ये त्याच एका रेकॉर्डची दोन परीक्षणं छापली. एकानं पाच तारे दिले. दुसऱ्यानं एकही नाही. दोघंही मुरलेले, आयुष्यभर हेच ऐकणारे. एकाला स्वातंत्र्य ऐकू आलं, दुसऱ्याला गोंधळ. या दोघांत न बसणारे आपण कोण लागून गेलो? फक्त तिथून सुरुवात करू नका. मी ‘असेन्शन’पासून सुरुवात करून बसलो, त्याची गोष्ट वर सांगितलीच.

एक मात्र पाहिलं. न आवडलेलं ‘आवडलं’ म्हणणारे सगळ्यात आधी येणं बंद करतात. सालदार पहिल्याच दिवशी शिव्या देऊन गेला आणि तिसऱ्या शनिवारी परत आला. ‘वा वा, फारच छान’ करणारे दोघे पुन्हा दिसले नाहीत.

मुक्यानं ऐकणं

शहरातल्या सभागृहाची शिस्त आपण कुठूनतरी शिकलो: हलायचं नाही, बोलायचं नाही, शेवटी टाळ्या. जॅझ त्या शिस्तीत वाढलेलं नाही.

७ जुलै १९५६. अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा महोत्सव. ड्यूक एलिंग्टनचा बँड तेव्हा उतरणीला लागला होता. रात्र बरीच झालेली, लोक घरी निघालेले. एलिंग्टननं एक जुनी ब्लूजची जोडरचना काढली आणि दोन भागांच्या मध्ये पॉल गोन्साल्व्हिसला सॅक्सोफोनवर मोकळं सोडलं. सहा-सात फेरे झाल्यावर गर्दीतून एक बाई उठली आणि नाचायला लागली. तिच्याभोवती लोक उभे राहिले, मग सगळं मैदान. आणि गोन्साल्व्हिस थांबेना. सत्तावीस फेरे वाजवले त्यानं. ब्लूजचा एक फेरा अठ्ठेचाळीस मात्रांचा. तबलजीनं लगेच हिशेब केला, त्रितालाची एक्याऐंशी आवर्तनं, एका दमात. रेकॉर्डवर गर्दीचा आवाज चढत जातो तसा बँड चढत जातो, स्वच्छ ऐकू येतं. पुढच्याच महिन्यात एलिंग्टन ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होता. त्या रात्री वाजवणारे किती आणि ऐकणारे किती, ही रेषा मला तरी ओढता येत नाही.

झाडीपट्टीच्या नाटकाला गेलेला माणूस हे जाणतो. ‘वन्स मोअर’ पडला की गाणं परत होतं आणि दुसऱ्या वेळी वेगळंच होतं.

दाद म्हणजे कलकलाट असंही नाही. बिल इव्हान्सच्या तिघांनी २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅन्गार्ड या तळघरातल्या क्लबात वाजवलं त्या रेकॉर्डींत पेल्यांची किणकिण आणि लोकांच्या गप्पा ऐकू येतात. समोर काय घडतंय याकडे निम्म्या टेबलांचं लक्षच नव्हतं. बासवाला स्कॉट लफारो, पंचवीस वर्षांचा, अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. आता ती किणकिण ऐकताना अंगावर काटा येतो. चार्ल्स मिंगस या बासवाल्यानं तर वैतागून १९६० साली गंमतच केली. स्टुडिओत, समोर एकही श्रोता नसताना, क्लबात असल्यासारखी सूचना दिली की टाळ्या वाजवू नका, पेल्यातला बर्फ खुळखुळवू नका.

आमच्याकडं म्हणून एवढाच नियम आहे. मध्ये ‘हाव बाप्पा’ चालतं, चुटकी चालते, काका तर क्लॅरिनेट काढून दोन सूर घुसवतात. खर्रा घोटायची पन्नी मात्र तुकडा संपेस्तोवर उघडायची नाही.

सालदारानं आता स्वतःचा इअरफोन घेतला आहे. गेल्या हिवाळ्यात तो हरभऱ्याच्या जागलीला मचाणावर असायचा, आणि मी त्याच्या फोनमध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’ पूर्ण भरून दिली होती. नावं-गावं काही सांगितली नव्हती. एके रात्री दीड वाजता फोन.

‘भाऊ, झोपले काय? एक सांगा. पहिल्या गाण्यात पियानो वाजवते थो गडी अन् दुसऱ्यातला, एकच हाये काय?’

‘का रे?’

‘पयला इचार करू करू वाजवते. एक बोट ठेवते, थांबते. हा दुसरा पाय हालवत वाजवून रायला. हा दुसराच माणूस हाये.’

मी दिवा लावला आणि रेकॉर्डच्या वेष्टनाचा फोटो मोठा करून पाहिला. पाच तुकड्यांतल्या चारांत बिल इव्हान्स. दुसऱ्या तुकड्यात, तेवढ्या एकातच, विंटन केली नावाचा माणूस. मी ती रेकॉर्ड शंभरदा ऐकली असेल.

‘तुझं बरोबर आहे,’ म्हटलं.

‘मंग ठीक हाये,’ तो म्हणाला. ‘ठेवतो. डुकरं आली वाटते.’